अडवणं सोपं, सोडवणं अवघड

ठाण्यात टेंभी नाक्याच्या आतल्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. कोर्ट नाका इथून पायी जाण्याच्या अंतरावर. सकाळी बोर्ड सुरू व्हायच्या आत जिल्हा न्यायालयात पोचायचं आणि संध्याकाळी पक्षकारांसाठी परत नाक्यावर यायचं, हा बरीच वर्षं चालत आलेला दिनक्रम. वकिली सुरू केली तेव्हा संध्याकाळी येणारी माणसं हातात कापडी पिशवी घेऊन यायची. पिशवीत भाडेपावत्या, पागडीचे कागद, सातबाराचे उतारे, न वटलेला चेक, सोसायटीची नोटीस. आता पिशवी क्वचित दिसते. माणूस खुर्चीत बसायच्या आधी टेबलावर मोबाइल ठेवतो, स्क्रीन माझ्याकडे फिरवतो आणि म्हणतो, "मॅडम, हे बघा जरा."

कधी खातं गोठवल्याचा बँकेचा मेसेज असतो, कधी सीबीआयच्या नावाने आलेली नोटीस, कधी कर्ज देणाऱ्या ॲपने नातेवाइकांना पाठवलेला विद्रूप केलेला फोटो. त्यापुढचा प्रश्न मात्र जवळपास सगळ्यांचा एकच असतो: "याच्यावर काही कायदाच नाही का हो?"

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालापासून लागू आहे, २००८ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्याची तिन्ही पुस्तकं बदलली: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. तक्रार ऑनलाइन देता येते, झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, साक्षीदार व्हिडिओवरून साक्ष देऊ शकतो. त्यामुळे 'कायदा मागे पडला' हे सरसकट विधान मला मान्य नाही. मला जे दिसतं ते असं, की नव्या काळाला सामोरं जाताना आपल्या व्यवस्थेने अडवायला फार लवकर शिकून घेतलं. पैसे अडवायचे, खातं गोठवायचं, फोन जप्त करायचा, माणूस ताब्यात घ्यायचा, हे सगळं आता तासांत होतं. अडवलेलं सोडवायची वेळ आली, की तीच व्यवस्था बारनिशी (आवक नोंद), 'से' (लेखी म्हणणं), तारीख आणि नक्कल अशा जुन्या वाटेने चालू लागते. माणसाचा कायद्यावरचा विश्वास तुटतो तो या वाटेवर.

नौपाड्यातले एक निवृत्त शिक्षक सुनेबरोबर माझ्याकडे आले होते. त्यांना आदल्या दिवशी सकाळी एक फोन आला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमचं आधार वापरलं गेलंय. मग फोन 'मुंबई पोलिसां'कडे गेला, तिथून 'सीबीआय'कडे. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, हातात सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असलेलं पत्र. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. खात्यातली रक्कम पडताळणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळेल. सर बँकेत गेले, मुदतठेवी मोडल्या, आरटीजीएसचा फॉर्म भरला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं तेव्हा पढवल्याप्रमाणे "मुलाच्या घरासाठी" असं सांगितलं.

सुनेच्या लक्षात आलं ते जेवणाच्या वेळी. "बाबा ताट आत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. मी लग्न होऊन आल्यापासून असं कधी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. सर माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "मी काही केलेलं नाही हो." आयुष्यभर वर्गात शिस्त सांभाळणाऱ्या माणसाला अटकेच्या नुसत्या उच्चाराने किती धसका बसतो, ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. मी त्यांना म्हटलं, "सर, तुमच्याशी बोलणारी माणसं रोज हेच काम करतात. तुम्ही भोळे होतात म्हणून हे झालं नाही. तुम्ही कायद्याला मान देता, आणि त्यांनी तोच मान हत्यारासारखा वापरला."

ही युक्ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली. सातशेच्या वर मुलंमुली ताब्यात घेतली गेली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. तिथून रात्रीच्या पाळीत अमेरिकेत फोन जायचे. करखात्याचा अधिकारी बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता पैसे भरले नाहीत तर पोलिस दारात येतील. घाबरलेली माणसं दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घ्यायची आणि त्यांवरचे आकडे फोनवर वाचून दाखवायची. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानेही अशा कॉल सेंटरांशी संबंधित व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोपपत्र जाहीर केलं. तेव्हा कोर्टाच्या आवारात पालक उभे असायचे आणि 'पोराला पहिलीच नोकरी लागली होती' असं सांगायचे. त्या वेळी फसलेला माणूस सात समुद्रांपलीकडे होता. आज तो नौपाड्यात, चरईत, डोंबिवलीच्या फडके रोडमागच्या इमारतीत राहतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट सांगते ती ही: व्हिडिओ कॉलवरची अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. अटक करायला पोलिसांना समोर यावं लागतं, कारण सांगावं लागतं, नातेवाइकांना कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. हा आदेश मला फार मोलाचा वाटतो. खरी नोटीस कोणत्या वाटेने येते हे लोकांना पक्कं ठाऊक असेल, तर खोटी ओळखता येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःच्याच नावाचे बनावट आदेश दाखवून हरियाणातल्या एका वृद्ध जोडप्याला लुबाडल्याची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा फसवणुकींचा तपास सीबीआयकडे सोपवला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथल्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप दिली होती. व्यवस्था जागी झाली नाही, असं कुणी म्हणू नये.

सरांच्या बाबतीतही पहिला टप्पा झटपट पार पडला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन लागला. पलीकडच्या माणसाने बँक, खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारला. सुनेने पर्समधून आरटीजीएसची स्लिप काढली. कार्बनखालची प्रत, आकडे फिके. ती ट्यूबलाइटखाली धरून एकेक आकडा वाचत होती, माझा ज्युनियर तो मोठ्याने फोनवर सांगत होता, आणि सर खिशातला रुमाल मुठीत घट्ट आवळून बसले होते. तक्रार क्रमांक मिळाला. पैसा पहिल्या खात्यातून पुढच्या कैक खात्यांत पांगायला लागला होता. बराचसा निघून गेला, पण काही रकमेवर होल्ड लागला. दूरच्या कुठल्या तरी शाखेत, आपण कधी न पाहिलेल्या खात्यात, सरांच्या पेन्शनमधून साठलेला पैसा जागीच थांबला. २०२१ मध्ये ही यंत्रणा सुरू होण्यापूर्वी हे अशक्य होतं. तेव्हा आम्ही पोलिस ठाण्यात अर्ज द्यायचो, अर्जावर पोचेचा शिक्का पडेपर्यंत खातं रिकामं झालेलं असायचं.

पुढचा टप्पा होता तो पैसा परत मिळवण्याचा. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला. जुन्या संहितेत हेच कलम ४५७ होतं. अर्ज दिला, पोलिसांचं 'से' मागवलं गेलं. तपासी अधिकारी बंदोबस्तात. पुढची तारीख. 'से' आलं, हरकत नाही. ज्याच्या खात्यात पैसे थांबले त्याला नोटीस काढायची. तो परराज्यात, पत्त्यावर सापडत नाही. पुन्हा तारीख. आदेश झाला, बंधपत्र दिलं, नक्कल विभागातून प्रमाणित प्रत घेतली. ती घेऊन सर जवळच्या शाखेत गेले तर सांगण्यात आलं, की हे काम नोडल अधिकाऱ्याकडून होतं, तो दुसऱ्या शहरात बसतो, त्याला ईमेल करा. ईमेलला उत्तर आलं, की आदेशात होल्ड लागलेल्या खात्याचा पूर्ण क्रमांक नाही. मग दुरुस्तीचा अर्ज. सर प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी येऊन बाकावर बसायचे. चोराने लुटल्याचं दुःख त्यांनी पचवलं होतं. आपलेच पैसे आपले आहेत हे सगळ्यांनी मान्य करूनही ते मिळत नाहीत, हे त्यांना समजत नव्हतं. मलाही त्यांना ते समजावून सांगता येत नव्हतं, कारण त्याला पटण्याजोगं कारणच नाही.

वास्तविक या बाबतीत कायदा निःसंदिग्ध आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं, की जप्त मुद्देमाल पोलिस ठाण्यात कुजत ठेवू नका. पंचनामा करा, फोटो घ्या, बंधपत्र घ्या आणि पंधरा दिवस ते महिनाभरात ज्याचा त्याला द्या. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने हेच मुदतीत बांधलं: माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं विवरण आणि छायाचित्रण, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पण ही सगळी मांडणी मोटारसायकल, दागिने, नोटांची बंडलं डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. बँकेच्या संगणकात थांबलेली रक्कम 'न्यायालयापुढे आली' असं केव्हा म्हणायचं? मुदतीचं घड्याळ तिथे सुरूच होत नाही.

पैशांवरचा होल्ड मी दुसऱ्या बाजूनेही पाहिला आहे. जांभळी नाक्यावर नारळ, फळं आणि ओटीचं सामान विकणारे एक गृहस्थ आहेत. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला लोटणारी गर्दी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या धंद्याचा मोठा भाग. त्या दिवसांत त्यांच्या गाडीवरच्या क्यूआर कोडवर सकाळपासून रात्रीपर्यंत पैसे येत असतात. गर्दीत कोण आला, कुणी नारळ घेतला, कुणी खण घेतला, काय लक्षात राहणार? दसऱ्यानंतर वाशी मार्केटच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायला गेले तर खातं बंद. शिल्लक दिसते, काढता येत नाही. बँकेने एक कागद हातात ठेवला. परराज्यातल्या सायबर पोलिस ठाण्याचं पत्र, तक्रारीचा क्रमांक आणि वादग्रस्त रक्कम ८४० रुपये. कुणी तरी कुणाला तरी लुबाडलं होतं, तो पैसा चार-पाच खात्यांतून फिरला होता आणि त्यातला एक तुकडा देवीच्या ओटीवर खर्च झाला होता.

"मॅडम, मी माल दिला, पैसे घेतले. यात माझं काय चुकलं?" असं त्यांनी विचारलं. काहीच चुकलं नव्हतं. तरी मुलीच्या कॉलेजची फी अडली, उधारीवरचा माल बंद झाला. बाजारात 'याचं खातं पोलिसांनी बंद केलंय' ही बातमी पसरली. त्यांनी क्यूआरचा फलक उतरवला आणि रोखीवर आले.

बँक खातं गोठवण्याचा पोलिसांचा अधिकार आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणातून पक्का झालेला आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवलं, की बँक खातं ही 'मालमत्ता' आहे आणि गुन्ह्याशी संबंध असल्यास तपासात ते रोखता येतं. त्या वेळी हा निर्णय गरजेचा होता. तो नसता तर लाचेचा आणि लुटीचा पैसा बँकेत निर्धास्त बसला असता. पण १९९९ मध्ये खातं गोठवायला एक अधिकारी विचार करून, पत्र टाइप करून, सही करून पाठवत असे. आज तक्रार संगणकात गेली, की पैशाचा माग लागेल तिथवर खाती आपोआप अडतात, आणि त्या मागावर नारळवालाही सापडतो. तोच अधिकार, पण त्याचा पल्ला काही पटींनी वाढला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा, अख्खं खातं बंद करू नका. हे इतकं साधं आणि न्याय्य आहे, की ते प्रत्येक शाखेत फलकावर लावलेलं असायला हवं. आम्ही त्या निर्णयाचा आधार घेतला. नवरात्रातल्या घाऊक खरेदीची बिलं जोडली, फेरीवाला प्रमाणपत्र जोडलं आणि परराज्यातल्या तपासी अधिकाऱ्याला हिंदीत पत्र लिहिलं. तो अधिकारी समंजस निघाला. ८४० रुपयांवर होल्ड राहिला, बाकी खातं मोकळं झालं. ज्याला वकील परवडत नाही, त्याच्यासाठी हे पत्र कोण लिहिणार, हा प्रश्न माझ्यापुढे तेव्हापासून आहे.

अडकून पडतो तो पैसाच, असंही नाही. डोंबिवलीची एक मुलगी घरोघरी जाऊन ब्यूटिशियनचं काम करते. आईच्या औषधपाण्यासाठी तिने मोबाइलवरच्या एका ॲपकडून लहानसं कर्ज घेतलं. हप्ता एक दिवस लांबला आणि तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर तिचा चेहरा लावलेला अश्लील फोटो गेला. काकांना, मैत्रिणींना, गिऱ्हाइकांना. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कर्जाच्या ॲपना ग्राहकाच्या फोनमधली नावं, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायला मनाई केली. नियम आहे, पण नियम पाळणाऱ्यांसाठी. हे ॲप कुणाचं, कुठलं, याचाच पत्ता नव्हता.

ती तक्रार द्यायला गेली तेव्हा पुरावा म्हणून फोन जमा करायला सांगण्यात आलं. ती तशीच माझ्याकडे आली. "ताई, फोन दिला तर मी काम कशावर करू? सगळी गिऱ्हाइकं यातच आहेत." फोन प्रयोगशाळेत जाणार, तिथे रांग, परत कधी येणार याची खात्री नाही. म्हणजे तक्रार केली तर रोजगार जातो आणि नाही केली तर अब्रू. अशा पेचात बहुतेक मुली तक्रारच करत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की गुन्ह्यांच्या नोंदी कमी दिसल्या तरी मला दिलासा वाटत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल काटेकोर राहावंच लागतं, कारण तो बदलणंही सोपं. या विषयावरचा आजचा महत्त्वाचा निर्णय जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज वेळ उलटून गेल्यावर घेतला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. त्यासोबत लागणारं जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी कायदा स्पष्ट केला: प्रमाणपत्र बंधनकारक आहे; पण ज्याने मिळवण्यासाठी हातपाय मारले आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानेच नकार दिला, त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करणार नाही. हे वाक्य मी अनेक अर्जांत आधाराला घेतलं आहे. मात्र हा निकाल आला तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. तत्त्वाचा गुंता सुटला, ज्याच्यासाठी भांडण होतं ती वेळ निघून गेली.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने आता प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवायची. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो. त्याचा फायदा सोडवण्यासाठीही घेता येतो. फोनची प्रत काढा, हॅश लिहा, पंचांच्या सह्या घ्या आणि फोन मुलीला परत द्या. आम्ही तेच मागितलं, तपासी अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि गरजेच्या डेटाची प्रत काढून फोन लवकर परत मिळाला. असं करता येतं हे त्या दिवशी तिथल्या दोन-तीन जणांनी पाहिलं. पुढच्या मुलीला कदाचित वकील लागणार नाही.

न्यायालयांना नव्या साधनांची भीती वाटते, असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. प्रफुल्ल देसाई खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं. तोही खटला महाराष्ट्रातलाच. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१८ मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली असं धरलं, कारण समोरच्याने ती उघडून पाहिल्याच्या खुणा दिसत होत्या. दिवाणी वसुलीची नोटीस आणि स्वातंत्र्य धोक्यात आणणारी पोलिसांची नोटीस यांत २०२५ च्या आदेशाने फरक केला, तोही बरोबरच. पैशाच्या कामात वेग चालेल, माणसाच्या स्वातंत्र्याच्या कामात सावधपणा हवा. न्यायालयांना हे भान आहे.

स्वातंत्र्याचा विषय निघाला की मला पालघर आठवतं. नोव्हेंबर २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ लावलं गेलं. देशभर त्याची चर्चा झाली, पुढे तो गुन्हा बंद झाला. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६ अ घटनाबाह्य ठरलं. आमच्या बाररूममध्ये त्या दिवशी अनेकांना अभिमान वाटला, की आपल्या जिल्ह्यातल्या दोन मुलींवर झालेल्या अन्यायातून देशाचा कायदा सुधारला. पण रद्द झालेल्या त्या कलमाखाली पुढची अनेक वर्षं गुन्हे दाखल होतच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल धक्का बसल्याचं सांगितलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये असे खटले चालवू नका, असा देशभरासाठी आदेश दिला. अडवणारं कलम लागायला काही तास पुरले. रद्द ठरल्यानंतरही ते पुसलं जायला साडेसात वर्षं लागली.

हे सगळं जुळवून पाहते तेव्हा मला काय हवं आहे ते अगदी ठामपणे सांगता येतं. नवीन कलमांची मागणी मी करणार नाही. अडवण्याच्या प्रत्येक अधिकाराला सोडवण्याची मुदत जोडा, एवढंच माझं म्हणणं आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे करून दाखवलं आहे. ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर बोजा नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात दाखवायची. घड्याळ दोघांनाही लावलं. ग्राहकाने घाई करायची, बँकेनेही करायची. सरांसारख्यांना त्याचा लाभ होत नाही, कारण फॉर्मवर सही त्यांनी स्वतः केलेली असते. पण तत्त्व तेच इथे आणता येईल. होल्ड लागलेल्या रकमेवर ठरावीक दिवसांत कुणी हक्क सांगितला नाही, तर ती तक्रारदाराला बंधपत्रावर द्या. होल्ड वादग्रस्त रकमेपुरताच ठेवा आणि तो केव्हा तपासला जाईल ती तारीख खातेदाराला लिहून द्या. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचा एकच छापील नमुना करा. त्यात खातं, यूटीआर आणि नोडल अधिकाऱ्याचा ईमेल यांचे रकाने ठेवा, म्हणजे दुरुस्तीच्या तारखा वाचतील. फोनऐवजी प्रत घ्या. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवायची, हे संहितेच्या कलम १९३ मध्ये लिहिलेलंच आहे, ते पाळा.

वाचकांनाही मला काही सांगायचं आहे. फसवणूक कळली त्याच क्षणी १९३० लावा, लाज वाटली तरी लावा. स्लिप, मेसेज, नंबर पुसू नका. खातं गोठलं तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलिस ठाणं आणि वादग्रस्त रक्कम लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

टेंभी नाक्यावर एके काळी लोक रात्री उशिरापर्यंत आपली गाऱ्हाणी घेऊन शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्याकडे आनंद आश्रमात रांग लावत. राजकारणाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, पण ती रांग मला एक गोष्ट सांगते. माणसाला आधी ऐकून घेणारं कुणी तरी हवं असतं, आणि काम केव्हा होईल याचं उत्तर हवं असतं. न्यायालय हे दोन्ही देऊ शकतं, आणि ते कुणाच्या मर्जीवर न सोडता हक्क म्हणून देऊ शकतं. हीच कायद्याची थोरवी, आणि म्हणूनच मी अजून या कामात आहे. सरांची रक्कम शेवटी त्यांच्या खात्यात आली. ती आणखी लवकर येऊ शकली असती. त्यासाठी लागणारी कलमं, निर्णय आणि संगणक आपल्याकडे आज आहेत. आता आपल्या न्यायालयांनी, पोलिसांनी आणि बँकांनी अडवताना दाखवलेली तत्परता सोडवतानाही दाखवावी. तशी मुदत नियमात लिहिली जाईपर्यंत मी ती प्रत्येक अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात मागत राहणार आहे.